काचेआडचे गोरड सर

भूल देणाऱ्या डॉक्टरला पेशंट कधी ओळखत नाहीत. बाजारात गाठ पडली तर सर्जनला वाकून नमस्कार होतो, आणि शेजारी भाजीची पिशवी धरून उभी असलेली मी म्हणजे सर्जनची बायको असणार, असा समज करून घेतला जातो. मला त्याचं काही वाटत नाही. पेशंटच्या उशाशी बसायचं, कोण काय करतंय ते बघायचं आणि आपण त्यात नसायचं, ही सवय या कामानंच लावली. डॉ. सोपान गोरड यांच्याबद्दल जे सांगणार आहे, तेही त्या उशाकडच्या स्टुलावरून पाहिलेलं आहे. त्यांचं चरित्र मला माहीत नाही आणि ते विचारायची छाती कधी झाली नाही.

सर हृदयाच्या लयीचे डॉक्टर. हृदयाच्या नळ्या तुंबतात हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय. पण हृदय ताल सोडतं म्हटलं, की सांगलीतली शिकलेली माणसंही ‘टेन्शनमुळे ना?’ असं विचारतात. तसं नसतं. हृदय आपली वीज आपणच तयार करतं. काहींच्या हृदयात ती भलत्याच जागेतून सुटते, किंवा भलत्या वाटेनं गोल गोल फिरत राहते. मांडीच्या शिरेतून एक बारीक तार हृदयापर्यंत न्यायची, ती चुकार जागा हुडकायची आणि तिला चटका द्यायचा, एवढंच सरांचं काम. ‘एवढंच’ हा शब्द त्यांचा. या ‘एवढंच’पायी माझी जेवणाची वेळ किती वेळा टळली, ते माझं पोट जाणे.

माण तालुक्यातल्या मेंढपाळाच्या घरात जन्म. वडिलांच्या कळपामागं चालत शाळा शिकलेले, असं दुसऱ्यांकडून कळलेलं. बेताची उंची, रुंद खांदे, आणि कपाळावर कायम एक आठी, जी रागाची नाही हे कळायला नव्या नर्सला महिना लागायचा. जेवणाला बाजरीची भाकरी आणि कसलीतरी कोरडी चटणी. ती उभ्यानंच खायची. ओपीडीतही उभेच. ‘खुर्ची पेशंटला असते,’ म्हणायचे. कोणी ज्युनिअर ‘सर, मला वाटतं की...’ अशी सुरुवात करायला लागला, की हात वर करायचे. ‘वाटतं ते लग्नाच्या बोलणीत सांग. हितं मोजून सांग.’

त्यांची पेशंट तपासायची एक तऱ्हा होती, ती पाहायला दुसऱ्या विभागातली पोरं मुद्दाम यायची. धडधड होते म्हणून कोणी आलं, की सर टेबलाकडं बोट दाखवायचे आणि म्हणायचे, ‘वाजवा.’

‘काय वाजवू?’

‘तुमचं काळीज धडधडतंय ते. जसं धडधडतंय तसं बोटांनी वाजवून दावा.’

बायाबापड्या लाजायच्या, मग हळूहळू वाजवायच्या. ठोके एकसारखे भराभरा पडत असतील तर एक आजार, वेडेवाकडे पडत असतील तर दुसरा. पुढं तपासण्या व्हायच्याच, पण अर्धं निदान टेबलावरच झालेलं असायचं. एकदा कवठेमहांकाळकडचा एक हलगीवाला आला. त्याला ‘वाजवा’ म्हटल्यावर गडी असा रंगात आला, की बाहेरच्या रांगेतली माणसं दारात गोळा झाली. सरांनी पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘गड्या, हे तुझ्या हाताचं झालं. आता काळजाचं वाजीव.’ तो ओशाळला आणि त्यानं दोन बोटांनी एक हलका, अडखळता ठेका धरला. सरांनी तिथंच कागदावर आजाराचं नाव लिहिलं.

आता त्यांच्या मानेकडं येते, कारण पुढचं सगळं त्या मानेवर येऊन थांबतं. तार आत कुठं आहे हे दिसायला क्ष-किरण लागतात, आणि क्ष-किरण अंगावर घ्यायचे नसतील तर शिशाचा एप्रन घालावा लागतो. मी उशाकडं, जरा आडोशाला बसते, तरी तो घालून संध्याकाळी माझे खांदे भरून येतात. सरांनी तो एप्रन अंगावर घेऊन टेबलापाशी वाकून वर्षानुवर्षं काढली. मानेचे मणके झिजले. मग डाव्या हाताची दोन बोटं बधिर व्हायला लागली. हाडांच्या डॉक्टरांनी त्यांना स्वच्छ सांगितलं की हा एप्रन आता उतरवा, नाहीतर हात जाईल. हे सरांनी आम्हाला चहाच्या वेळी सांगितलं, दुसऱ्याच कुणाचा रिपोर्ट वाचावा तसं. ‘फार तर या वर्षापुरता मी टेबलाला. नंतर रेवती बघेल,’ म्हणाले.

रेवती म्हणजे त्यांच्या हाताखाली तयार झालेली डॉ. रेवती, आमची मॅडम. तिनं मान खाली घातली. मी चहा ढवळत राहिले, साखर नसताना.

आणि त्याच सुमारास मशीन आलं.

एका कंपनीनं ते आमच्या हॉस्पिटलात काही महिन्यांसाठी वापरून बघायला ठेवलं होतं. टेबलाच्या कडेला एक यांत्रिक हात, तो तार धरणार. डॉक्टर शेजारच्या खोलीत, काचेच्या आड, खुर्चीत बसून एक मूठ फिरवणार, तशी इकडं तार फिरणार. शीर टोचून तार आत नेऊन द्यायला माणूस लागतोच, ते काम रेवतीचं. पुढचं सगळं काचेआडून. काचेआड क्ष-किरण पोचत नाहीत, म्हणजे एप्रन नको. व्यवस्थापनानं सरांना सांगितलं, वापरून बघा, हातानं करता त्याच्याशी ताडून बघा, आणि घ्यायचं की नाही ते कळवा.

हिशेब इतका सरळ होता की स्वयंपाकघरातल्या मावशींनाही कळला. मशीन राहिलं तर सर राहणार. मशीन गेलं तर सरांचं टेबल सुटणार. आम्ही सगळे मनातल्या मनात मशीनच्या बाजूनं झालो होतो. सर तेवढे झाले नाहीत.

‘यात माझा स्वार्थ आहे,’ ते मला म्हणाले. ‘तेव्हा माझ्या मताला किंमत शून्य. मला मत देताच येणार नाही अशी काहीतरी सोय करायला पाहिजे.’

कंपनीचा एक मुलगा यायचा, चकाचक बुटांचा, स्वभावानं गोड. तो म्हणाला, ‘सर, सुरुवातीला सोपे पेशंट मशीनला घेऊ. रिझल्ट छान येतील.’

सर म्हणाले, ‘बाजारात मेंढरं विकायला नेताना तगडी तेवढी पुढं उभी करतात. तसं ना?’

मुलगा हसला. त्याला वाटलं, सरांना पटलं.

सरांनी केली ती सोय अशी. कराडच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या एका मित्राकडून त्यांनी बंद पाकिटं करून घेतली. प्रत्येकात एक चिठ्ठी, ‘हात’ किंवा ‘मशीन’. कुठल्या पाकिटात काय आहे हे सरांनाही ठाऊक नाही. हॉस्पिटलच्या समितीची रीतसर परवानगी घेतली. जो पेशंट तयार होईल त्याच्यासमोर पाकीट उघडायचं आणि निघेल त्या पद्धतीनं करायचं. पुढं काही महिने सगळ्यांची लय तपासत राहायची, आणि मग बघायचं.

हे पेशंटला समजावून सांगणं मात्र सोपं नव्हतं. सुभेदार आबा आले तो दिवस मला चांगला आठवतो. सातारा जिल्ह्यातल्या फौजी गावचे, सुभेदार होऊन निवृत्त झालेले, सत्तरीचे, ताठ. बरोबर बायको आणि दोन मुलगे. हृदयाची लय पार विस्कटलेली, चार पायऱ्या चढल्या की धाप. सरांनी त्यांना दोन्ही पद्धती सांगितल्या.

‘मग ह्यातलं चांगलं कुठलं?’ सुभेदारांनी विचारलं.

‘म्हाईत न्हाई,’ सर म्हणाले.

थोरला मुलगा धाकट्याच्या कानाला लागला, पण फौजेतल्या घरातली कुजबुज ती, सगळ्यांना ऐकू गेली. ‘डाक्टरलाच म्हाईत न्हाई म्हनतोय. पुन्याला न्यायचं का?’

सरांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ‘आबा, भाऊ-भाऊ जमिनीची वाटणी करतात तवा चिठ्ठ्या का टाकतात?’

‘का म्हंजी? ह्याला विहिरीकडचं, त्याला माळाकडचं असं कुणी आपल्या मनानं दिलं तर भांडनं लागत्यात. चिठ्ठीनं पडलं की कुणाचं नाव न्हाई.’

‘तेच हाय. कुणाला हातानं करायचं, कुणाला मशीननं, हे मी माझ्या मनानं ठरवलं तर माझं मन लबाडी करंल. म्हणून चिठ्ठी.’

सुभेदारांचा चेहरा एकदम मोकळा झाला. म्हणाले, ‘आसं सांगा की मग. हे आमाला समजतंय.’ त्यांनी सही केली. पाकीट उघडलं. चिठ्ठी निघाली मशीनची. आबांनी टोपी काढून पुन्हा घातली.

सर यावर खूश होते. वाटणीची ही उपमा त्यांनी नंतर सगळ्यांना दिली, जतच्या, तासगावच्या, विट्याच्या, आणि सगळ्यांना ती लगेच पटली. उपमा अर्धीच आपल्या बाजूची असते, हे त्यांना पुढं कळायचं होतं.

मशीनचा पहिला दिवस सांगण्यासारखा आहे. सर काचेआड जाऊन खुर्चीत बसले ते एप्रन घालूनच. रेवतीनं हळूच सांगितलं, ‘सर, तिथं नको असतो.’ सरांनी खाली पाहिलं, एप्रन उतरवला, घडी न घालता बाजूला ठेवला. मग मूठ धरली. थोड्या वेळानं बघते तर खुर्ची मागं सरलेली आणि सर उभे! उभं राहून, वाकून, मूठ फिरवतायत. बसून काम करणं त्यांच्या अंगालाच ठाऊक नव्हतं. कंपनीच्या मुलानं दोनदा खुर्ची पुढं आणून ठेवली. तिसऱ्यांदा सर म्हणाले, ‘बाबा रे, ती तू घे.’

पुढं त्यांना बसता यायला लागलं. त्या महिन्यांत मी दोन्ही तऱ्हा आलटून पालटून पाहिल्या, म्हणून जे दिसलं ते सांगते. हातानं काम पटकन व्हायचं. तार कुठं अडली, कुठं सैल पडली हे बोटांना तिथल्या तिथं कळायचं. मशीनवर ते पडद्यावरच्या आकड्यात कळायचं, आणि आकडा वाचून मग हालचाल करायची, त्यात वेळ जायचा. पण एकदा मशीननं तार जागेवर धरली की ती हलायची नाही. हृदय खालून धक्के देत असायचं आणि तार तशीच टेकलेली. माणसाचा हात दिवसाच्या शेवटी थकतो, त्याला ते थकणं नव्हतं. रेवतीनं एकदा विचारलं, ‘सर, बोटांना जे कळतं ते मशीनवर चुकल्यासारखं वाटत नाही?’ सर म्हणाले, ‘चुकल्यासारखं वाटतं. पण बोटांना कळतं ते बरोबरच असतं हे कुणी मोजलंय?’ सरांच्या घरी एकदा हळदीकुंकवाला गेले होते, तेव्हा वहिनी म्हणाल्या, हल्ली ह्यांच्या हातातून वाटी पडत नाही. ते ऐकून मला फार बरं वाटलं, आणि मी ते रेवतीला लगेच फोन करून सांगितलं.

सुभेदारांचा दिवस ठरला, त्याच्या दुसऱ्या दिवशी शेवंताबाईंचा. शेवंताबाई जतकडच्या, पन्नाशीच्या, कपाळाला ठसठशीत कुंकू, बोलायला आवाज बारीक पण हेका मोठा. त्यांची चिठ्ठी निघाली होती हाताची.

सुभेदारांच्या दिवशी सकाळी सर वॉर्डात फेरीला गेले, तर पुरुषांच्या वॉर्डात आबांच्या कॉटभोवती ही गर्दी. आबा, त्यांची बायको, दोन्ही मुलगे. आणि पलीकडं डोक्यावर पदर घेतलेल्या शेवंताबाई, त्यांचे मालक, आणि त्यांचे एक चुलते. सगळे सरांची वाट बघत होते. मी आबांचं छाती-फुप्फुस तपासायला आले होते, म्हणून मला हे ऐकायला मिळालं.

थोरल्या मुलानं घसा खाकरला. ‘डाक्टर, आमी अदलाबदल केली.’

‘कशाची?’

‘चिठ्ठीची. आबांचं मशीन ह्या मावशीस्नी. मावशींचा हात आबांना. दोनी घरची राजीखुशी हाय.’

झालं होतं असं, की नळावर डबे धुताना आबांच्या बायकोची आणि शेवंताबाईंची गाठ पडली. बोलता बोलता दोघींचं माहेर आटपाडीकडं एकाच पट्ट्यात निघालं. मग काय, माहेरच्या नात्यानं बहिणीच झाल्या. एकीनं आपल्या नवऱ्याची काळजी सांगितली, दुसरीनं आपली. आणि वाटणीच्या चिठ्ठ्या टाकल्यावर जे गावोगाव होतं तेच इथं झालं. चिठ्ठी पडते, आणि मग भाऊ पंचांसमोर बसून म्हणतात, तुझा माळ मला दे, माझं विहिरीकडचं तू घे. पटलं तर पटलं. त्याला कोणी लबाडी म्हणत नाही. पंच म्हणून चुलत्यांना आणलेलं होतं.

सर तिथंच कॉटच्या दांड्याला धरून उभे राहिले. ‘आबा, तुमी का बदलली?’

‘डाक्टर, मी हयात फौजेत काढली. मशीन चांगलं असतंय, पण येळंला अडतंय. तुमी अडनार न्हाई.’

‘आणि तुमी, बाई?’

शेवंताबाई मालकांकडं बघून बोलल्या. ‘हातानं म्हंजी डाक्टर साहेब जवळ हुबं ऱ्हानार. मांडीपाशी. मशीनवर असलं की काचंच्या पल्याड. जवळ मॅडमच असत्यात. मला तेच बरं.’

सरांनी समजावून पाहिलं. चिठ्ठी बदलली की सगळी तुलना बिघडते, हे तीन तऱ्हांनी सांगितलं. चुलते म्हणाले, ‘आवं, पन दोगांचीबी खुशी हाय न्हवं? मग कुनाचं काय बिघडलं? शेतात चालतंय, हितं का न्हाई?’ शेताचं उदाहरण दिलं कुणी होतं? मी दुसरीकडं तोंड करून स्टेथोस्कोप शोधायला लागले, तो माझ्या गळ्यातच होता.

शेवटी सरांनी विचारलं, ‘आणि मी न्हाई म्हटलं तर?’

‘तर आमी घरी जातो,’ शेवंताबाई म्हणाल्या. बारीक आवाजात, पण पक्कं.

पेशंटला न पटलेल्या तऱ्हेनं त्याच्या हृदयात तार घालता येत नाही. सर बाहेर आले. मग मला म्हणाले, ‘चला. आबांना हातानं.’ एप्रन घातला आणि आबांचं काम केलं. दुसऱ्या दिवशी शेवंताबाईंचं मशीनवर झालं. दोन्ही कामं नीट झाली. जाताना दोन्ही कुटुंबं एकाच गाडीनं मिरजेपर्यंत गेली, असं ऐकलं.

महिने गेले. पेशंट तपासणीला येत राहिले. शेवंताबाईंची लय घड्याळासारखी चालत होती. सुभेदार एकदा आले आणि सरांनी ‘वाजवा’ म्हणायच्या आधीच त्यांनी टेबलावर बोटं आपटली. वेडीवाकडी. त्यांची जुनी बिघडलेली लय परत आली होती. असं काही जणांत होतं, मग दुसऱ्यांदा करावं लागतं. कोणाची चूक नसते.

पण मोजायची वेळ आली, तेव्हा आबा कुठल्या बाजूला धरायचे हा प्रश्न उभा राहिला. झालं होतं हातानं. चिठ्ठी होती मशीनची. सरांनी त्यांना मशीनच्या बाजूला धरलं, आणि बऱ्या झालेल्या शेवंताबाईंना हाताच्या.

कंपनीचा मुलगा अक्षरशः हात जोडून बसला होता. ‘सर, ते तुमच्या हातानं झालेलं परत आलंय. त्याचा दोष मशीनला कसा?’

‘चिठ्ठी मशीनची पडली होती.’

‘पण सर, प्रत्यक्षात...’

‘ऐक. चिठ्ठी बदलून कोण घेतं? ज्याला भीती वाटते तो. उद्या भ्यालेले सगळे एका बाजूला जमले, तर आपण मशीन मोजत नाही, भीती मोजतोय. चिठ्ठी पडली तशीच माणसं मोजायची. नाहीतर चिठ्ठी टाकायची कशाला?’

ही पद्धत जगभर मान्य आहे, हे मला माहीत आहे. मी पुस्तकात वाचलेलंही आहे. पण पुस्तकात वाचणं वेगळं. त्या दिवशी मला सरांचा राग आला, आणि खरं सांगायचं तर तो अजून पुरता गेलेला नाही. मी त्यांना म्हटलं, ‘सर, दोन माणसं इकडची तिकडं केली की मशीन वरचढ दिसतं. आणि ती खोटी नाहीत. तसंच झालंय.’

‘लिहिलंय ना मी तेही. अहवालात शेवटी लिहिलंय.’

‘शेवट कोण वाचतं?’

‘वाचायला पाहिजे,’ सर म्हणाले. मग जरा थांबून, ‘इतक्या थोड्या पेशंटांत एवढ्याशा फरकाला अर्थ नसतो. तो माझ्या सोयीचा आहे म्हणून मोठा दिसतोय, तुम्हाला पण आणि मला पण.’ ‘मला पण’ म्हणताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

निष्कर्ष असा, की पेशंटच्या लयीत दोन्ही तऱ्हांमध्ये फरक दाखवता येत नाही. मशीनला वेळ जास्त लागतो. डॉक्टरच्या अंगावर क्ष-किरण फार कमी येतात. व्यवस्थापनातल्या साहेबांनी पहिलं वाक्य वाचलं. ‘पेशंटला फरक नाही ना? मग एवढा खर्च कशाला?’ तिसरं वाक्य डॉक्टरबद्दल होतं. त्याबद्दल सर स्वतः बोलले असते तर कदाचित ऐकलं गेलं असतं. ते बोलले नाहीत. रेवती बोलली, मी बोलले. साहेब म्हणाले, बघू या पुढच्या वर्षी. कंपनीची गाडी आली आणि तो यांत्रिक हात पत्र्याच्या पेटीत घालून घेऊन गेली. काचेआडची खोली पूर्वीसारखी झाली, तंत्रज्ञ बसतात ती.

सरांनी टेबल सोडलं. ओपीडी चालू ठेवली. समारंभ वगैरे नको म्हणाले, म्हणून झाला नाही. रेवतीनं पहिले काही पेशंट त्यांच्याशिवाय केले, आणि चांगले केले.

मग सुभेदारांची दुसरी वेळ आली. आबांचं फुप्फुस विडीनं पोखरलेलं, म्हणून मी पूर्ण भूल द्यायला तयार नव्हते. दुखणं कमी करणारं औषध, थोडी गुंगी, बास. म्हणजे माणूस अर्धा जागा राहणार. सर त्या दिवशी आले आणि काचेआडच्या खोलीत जाऊन उभे राहिले. रेवतीनं मागितलं तर मदत करायला, एवढंच. रेवतीनं काम सुरू केलं. आबांच्या तोंडापुढं हिरवं कापड आडवं होतं, त्यांना पलीकडचं काही दिसत नव्हतं.

थोड्या वेळानं आबांनी डोळे उघडले. ‘डाक्टर, तुमीच हाय न्हवं?’

रेवती थांबली. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणणारच होते, ‘हो आबा, झोपा.’ माझ्या कामात असं चालतं, रोज चालतं. तेवढ्यात वरच्या स्पीकरमधून सरांचा आवाज आला.

‘न्हाई आबा. मी काचंच्या पल्याड हाय. हात मॅडमचा हाय.’

‘तुमी का न्हाई?’

‘माझी मान गेली. आता टेबलाला हुबं ऱ्हाता येत न्हाई.’

मॉनिटरवर त्यांची लय वेडीवाकडी धावत होती. मग आबा म्हणाले, ‘मग ते मशीन हाय की. त्याच्यावर बसून करा. आता मला भ्या न्हाई त्याचं. तवा उगंच बदलली मी.’

रेवतीचे हात तारेवर तसेच राहिले. मी काचेकडं पाहिलं. सरांनी माइकवर हात ठेवला होता. त्यांनी तो काढला, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, ‘ते परत गेलं, आबा. लय म्हाग हुतं.’

‘आरंरं,’ आबा म्हणाले. मग, ‘बरं. मग तुमी बोलत तरी ऱ्हावा. आवाज येऊ द्या.’

सरांनी विचारलं, ‘आबा, ऊस तुटल्यावर तुमच्या रानात मेंढरं बसवत हुता का?’

‘व्हय तर. दर साली. माणदेशातनं यायची. लेंडीखताला.’

‘आमचीच असतील. आमी किस्नाकाठानं यायचो. आमचा बा पुढं, मी मागं, आणि...’

सर सांगत राहिले. कुठल्या गावच्या शिवारात किती दिवस कळप बसायचा, पाऊस लागला की मेंढरं कशी एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालतात, कुठल्या पाटलीणबाईनं एकदा त्यांना गरम भाकरी दिली. इतक्या वर्षांत यातलं एक अक्षर मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं. बोलताना त्यांची नजर रेवतीच्या पडद्यावर होती. तिनं चटका दिला तेव्हा आबा कण्हले, आणि सर जरा जास्त जोरानं बोलले. मग आबांची लय सरळ झाली. रेवतीनं मान वर करून काचेकडं पाहिलं. सरांनी तिला नुसतं होय म्हणून मान हलवली, तीही दुखत असणार, आणि मेंढरं पुढं नेली, कारण आबा अजून ऐकत होते.